शनिवारच्या पाहुण्यांचं भाडं

रिडवेन
४ सप्टेंबर २०२३

प्रिय गेथिन,

काउन्सिलचं पत्र आलं. खाली सही कुणा दुसऱ्याची होती, पण वाचताना आवाज तुझाच ऐकू येत होता, म्हणून उत्तर तुलाच लिहिते.

माझं चॅपेलघर आता धंदा राहिलेलं नाही, असा त्यांचा संशय आहे. धंदा म्हणवून घ्यायचं तर वर्षातल्या निम्म्या रात्री तिथे पैसे मोजणारे पाहुणे झोपलेले हवेत. तेवढे झोपले नसतील, तर ते माझं ‘दुसरं घर’, आणि दुसऱ्या घराला घरपट्टी अडीचपट. मी, मेनवेन परी, शाळेच्या स्वयंपाकघरात बटाटे सोलून निवृत्त झालेली बाई, दोन घरांची मालकीण ठरले. लंडनच्या शेअर दलालांच्या पंक्तीला नेऊन बसवलंस मला. निदान खुर्ची तरी मऊ द्यायचीस.

हा नियम तू सभागृहात मांडलास तेव्हा मी वर गॅलरीत होते. तू म्हणालास की ज्या गावात हिवाळ्यात निम्मी घरं कुलपात असतात, ते गाव नव्हे, ते सामान ठेवायचं गोदाम. माझ्या शेजारची बाई रडली. मी हात लाल होईपर्यंत टाळ्या वाजवल्या. तेव्हा चॅपेलघर माझ्या डोक्यातच आलं नाही. ते भिंतीपलीकडचं घर, दुसरं कसलं. चॅपेलने ते पाद्र्यासाठीचं जुनं घर विकायला काढलं तेव्हा माझ्या अर्फोनने जन्मभर बस चालवून साठवलेलं सगळं त्यात ओतलं, कुणा परक्याच्या हातात जाऊ नये म्हणून. मग तो मेला, आणि माझी पेन्शन किती ते तुला ठाऊक आहे. घर पर्यटकांना द्यायला लागले नसते तर मीच कुलपात गेले असते.

आता मुद्द्याचं. या वर्षी जुलै पावसाने खाल्ला, दोन कुटुंबं तर निम्म्यातून पळाली. रात्री थोड्या कमी पडतात. पण गेथिन, माझे शनिवारचे पाहुणे आहेत की. आपल्या चॅपेलला स्वतःचा पाद्री नाही, दर रविवारी बाहेरून कुणीतरी प्रवचनाला येतो. महिना धरायची रीत तुला सांगायला नको: ज्या घराचा महिना, त्या घराने शनिवारी त्याला अंथरूण द्यायचं आणि रविवारी जेवू घालायचं. चॅपेलची अकरा डोकी उरलीत आणि त्यांतल्या बहुतेकांना स्वतःचेच जिने चढवत नाहीत, त्यामुळे सगळे महिने मीच धरते. प्रवचनकार चॅपेलघरात झोपतात. पर्यटन सुधारणेच्या अनुदानातून मी मागच्या अंगणात तो गरम पाण्याचा टब बसवला, तेव्हापासून तर आमची डायरी पुढच्या दोन वर्षांची भरली आहे. त्याआधी कुणी यायला तयार नव्हतं, आम्ही टेपवर प्रवचनं ऐकायचो. आता पार दक्षिणेतून पाद्री येतात. रेव्हरंड टुडर तर पोहण्याची चड्डी बायबलच्या पिशवीतच आणतात.

या शनिवारच्या रात्री मोजल्या तर माझं वर्ष भरतं. मोजता येतील ना? तूही हौशी प्रवचनकार म्हणून मार्चमध्ये आणि मेमध्ये येऊन राहिलास. कबरस्तानाकडे तोंड करून टबात बसला होतास आणि माझ्या सासऱ्यांच्या दगडाला संपाबद्दल खडसावत होतास. मी खिडकीतून ऐकलं.

तुझी,
मेनवेन


पोर्थ हेलिग
११ सप्टेंबर

प्रिय मेनवेन,

बरं झालं, कागदावर लिहिलंस. मला काउन्सिलच्या ईमेलवर एक अक्षर पाठवू नकोस. ते उद्या कुणीही मागवून वर्तमानपत्रात छापू शकतो. आणि पत्रं माझ्या घरच्या पत्त्यावरही नकोत. रंगकाम काढलंय, सगळं अस्ताव्यस्त आहे, टपाल हरवतं. मोरवातल्या दुकानात माझ्या नावाने पाठव. मी रोज तिथे दूध घ्यायला जातो.

तुझ्या सासऱ्यांना मी जे सुनावलं ते त्यांनी जिवंतपणी ऐकून घ्यायला हवं होतं. संप फोडणाऱ्याच्या थडग्यावर देवदूत बसवणं ही तुमच्या चॅपेलची चैन.

आता नियम. तू चिडशील, पण ऐक. मी ज्या शाळेत शिकवलं ती बंद झाली, कारण मुलं नव्हती. मुलं नव्हती, कारण आईबाप नव्हते. आईबाप नव्हते, कारण घरं नव्हती. आणि घरं तर होती, मेनवेन, रांगेने उभी होती, सुंदर रंगवलेली, दारावर किल्ल्यांची छोटी पेटी आणि आत कुणी नाही. त्यांचे मालक त्यांना धंदा म्हणत, कर चुकवत, आणि सरकारने धंद्यांना मदत वाटली तेव्हा तीही रांगेत पहिलं उभं राहून घेत. वर्षातून चार आठवडे स्वतःच येऊन राहायचे आणि त्याला धंदा म्हणायचे. मी आठ वर्षं त्या सभागृहात ओरडलो. शेवटी एवढंच मिळालं: धंदा म्हणतोस ना, मग धंदा करून दाखव. निम्मं वर्ष खरी गिऱ्हाइकं आण.

या नियमात नावं लिहिलेली नाहीत. ‘मेनवेन परी सोडून’ असं कलम मी घालू शकलो असतो, तर पहिल्याच दिवशी त्या कलमातून सगळे दलाल आत आले असते.

आणि प्रवचनकार गिऱ्हाईक नाही. महिना धरणं म्हणजे पाहुणचार. त्याचं भाडं लावायचं तर तुझ्या रश्श्याचंही बिल करावं लागेल, आणि तो परवडणार नाही कुणाला. तू दोनदा वाढतेस.

तुझा,
गेथिन


रिडवेन
१८ सप्टेंबर

गेथिन,

भाषण छान होतं. मी परत टाळ्या वाजवल्या असत्या, पण एका हातात अडीचपट घरपट्टीचा कागद होता.

तुझ्या पत्रानंतर मी चॅपेलची सभा बोलावली. खजिनदार इडवाल, आपला इडवाल बँक, त्याला मी सगळं सांगितलं. बँकेतून निवृत्त होऊन वीस वर्षं झाली तरी तो अजून खुर्चीत असा बसतो की समोरच्याने कर्ज मागितलंय.

इडवाल म्हणाला, “म्हणजे चॅपेलने प्रवचनकाराच्या रात्रीचं भाडं तुला द्यायचं?”

“हो.”

“आणि ते आणायचं कुठून?”

“प्रवचनकाराच्या मानधनातून कापायचं.”

“म्हणजे तो येणार, बोलणार, आणि झोपण्याचे पैसे देऊन जाणार.”

“पर्यटक तेच करतात, इडवाल. फक्त बोलत नाहीत.”

टपालघरातली नेस्टा, आपली नेस्टा पोस्ट, म्हणाली, देवाच्या माणसाकडून भाडं घेणं पाप आहे. त्यावर म्हाताऱ्या ग्वाइननने विचारलं की टब राहणार आहे ना. राहणार म्हटल्यावर ती म्हणाली, मग कुणी तक्रार करणार नाही. गेल्या महिन्यात रेव्हरंड टुडरनी पंधरा मिनिटांत प्रवचन आटोपलं ते कशासाठी, हे तिने खिडकीतून पाहिलं होतं.

ठराव झाला. दहा बाजूने, नेस्टा तटस्थ, कारण तिला शेजारधर्म आणि स्वर्ग दोन्ही हवेत. हा ठराव एप्रिलपासून लागू धरायचा असंही ठरलं. इडवालने मला एक पाकीट दिलं, मी ते चॅपेलच्या पेटीत परत टाकलं. हिशोब झाला, आणि कुणाचं काही गेलं नाही. इडवाल म्हणाला, बँकेत असताना त्याने याहून वाईट पाहिलंय.

आता प्रत्येक प्रवचनकाराने एवढंच लिहून द्यायचं की मी राहिलो आणि भाडं दिलं. टुडरनी दिलं. बाकीच्यांनीही दिलं. एका तरुण पाद्रीणबाईंनी तर खाली लिहिलंय, ‘गादी कडक, पाणी उत्तम.’ तुझं तेवढं राहिलंय, मग नावांची यादी काउन्सिलला पाठवते. दोन ओळी लिहून पाठव.

मेनवेन

ता.क. रंगकाम कसलं काढलंस? घरमालकीणबाईंनी चौदा वर्षांत एक खिळा ठोकू दिला नाही तुला.


पोर्थ हेलिग
२७ सप्टेंबर

प्रिय मेनवेन,

मी लिहून देणार नाही.

मार्चमध्ये मी आलो तेव्हा तू मला कोकराचं मांस वाढलंस आणि मी तुला मधाची बाटली दिली. मेमध्ये आलो तेव्हा तू तीच बाटली परत दिलीस, कारण तुला मध आवडत नाही. याला भाडं म्हणणारा माणूस मी नाही. आणि एप्रिलपासून लागू म्हणजे काय? हे तुम्ही सप्टेंबरमध्ये ठरवताय. अकरा ख्रिस्ती माणसांनी मिळून कॅलेंडर मागे फिरवायचं, हा चमत्कार बायबलमध्येही नाही.

मी नियम केला आणि माझ्याच आतेबहिणीसाठी तो वाकवला, तर उद्या सभागृहात कुठल्या तोंडाने बोलू? माझे विरोधक मला वेडा म्हणतात, उर्मट म्हणतात, लाल म्हणतात. लबाड कुणी म्हणत नाही. माझ्याकडे मालमत्ता म्हणून एवढंच आहे.

एक विनंती. यादीत माझं नाव घालू नकोस. बाकीच्यांचं तू आणि ते आणि देव पाहून घ्या. माझं नाव दिलंस तर मूल्यांकन अधिकारी मला बोलावेल, आणि बोलावल्यावर मी खरं बोलेन. तू मला लहानपणापासून ओळखतेस, त्या वेळीही मला हे जमायचं नाही. काठी कुणी मोडली हे कुणी विचारण्याआधीच मी सांगायचो.

भाऊ म्हणून सांगतो, यादी मागे घे.

गेथिन


रिडवेन
९ ऑक्टोबर

गेथिन,

उशीर झाला. यादी गेली. तुझं नाव सगळ्यात वर आहे, कारण इडवाल म्हणाला नगरसेवकाचं नाव पाहिलं की अधिकारी खाली वाचतच नाही. सुनावणी दोन नोव्हेंबरला आहे. तुलाही पत्र येईल.

काठीचं आठवतंय मला. मार मला बसला होता.

तुला वाटत असेल मी हट्टाला पेटले. तर ऐक काल काय झालं ते. दुपारी दारात एक गाडी. उतरला एक दंतवैद्य, चेस्टरचा, बरोबर बायको. दोघांचे दात इतके सारखे की एकाच साच्यातून काढल्यासारखे. त्याला कुठून तरी कळलंय की काउन्सिल मला पिळतंय. म्हणाला, सहज चौकशी करायला आलो. सहज आलेल्या माणसाच्या खिशात मोजपट्टी होती. त्याने चॅपेलघराच्या खिडक्या मोजल्या. बायकोने विचारलं, “रविवारी ते लोक गातात का?” मी म्हटलं गातात. “दर रविवारी?” दर रविवारी. “आवाज किती येतो?” मी म्हटलं, अकराजण आहेत, पण ग्वाइनन एकटी पाचांचं गाते.

त्याने आकडा सांगितला. आकडा चांगला आहे, गेथिन, तोच तर त्रास आहे. अडीचपट घरपट्टी बसली तर मला हे घर हिवाळ्यापुरतंसुद्धा धरून ठेवता येणार नाही. मी विकीन, आणि तो विकत घेईल, आणि त्याला अडीचपट काय, पाचपट दिली तरी जाणवणार नाही. तो वर्षातून तीन आठवडे येईल आणि गाण्याविरुद्ध तक्रार करील. तुझा नियम मला बाहेर काढून त्याला आत घालतो. कधीतरी हे पण सभागृहात ओरड.

खोटं बोल म्हणत नाही मी. ‘आठवत नाही’ म्हण. तू पासष्टचा आहेस, कुणीही विश्वास ठेवील. अर्फोनचं घर आहे ते.

मेनवेन


मोरवा
३ नोव्हेंबर

प्रिय मेनवेन,

तू काल सुनावणीनंतर माझ्याकडे न बघता बसमध्ये चढलीस. योग्य केलंस. तरी तुझ्या तोंडावर जे बोललो ते तुला लिहून देणं मला भाग वाटतं.

अधिकारीबाईंनी विचारलं, “तुम्ही चॅपेलघरात दोन रात्री राहिलात?”

मी म्हटलं, हो.

“भाडं दिलंत?”

तेव्हा तू तुझ्या हातमोज्यांकडे बघत होतीस. इडवाल छताकडे. मला ‘आठवत नाही’ म्हणायचं होतं. खरंच सांगतो, वाक्य जिभेवर होतं. मग मला दिसलं की ते वाक्य मी आठ वर्षं ऐकलंय, चांगल्या सुटातल्या माणसांकडून, अगदी याच खोलीत. किती रात्री स्वतः राहिलात? आठवत नाही. किती गिऱ्हाइकं आली? आठवत नाही.

मी म्हटलं, “नाही. मी पाहुणा होतो. तिने मला जेवू घातलं.”

त्या बाईंनी पेन खाली ठेवलं आणि विचारलं, मग बाकीचे? मी म्हटलं, बाकीच्यांचं बाकीच्यांना विचारा. पण तोपर्यंत रेव्हरंड टुडर रडायला लागले होते. एवढं प्रामाणिक ते व्यासपीठावर कधी दिसले नाहीत.

नियम चुकीचा आहे असं मला अजूनही वाटत नाही. तुझ्या बाबतीत तो चुकीच्या दारावर येऊन उभा राहिला, हे मला दिसतं. त्या दंतवैद्याबद्दल तू लिहिलंस ते वाचून मी दोन दिवस नीट जेवलो नाही. माझ्याकडे उपाय नाही. असता तर पत्राआधी तो पाठवला असता.

गेथिन


रिडवेन
२० नोव्हेंबर

गेथिन,

घरपट्टी आली. अडीचपट. दंतवैद्य एक डिसेंबरला विसार घेऊन येतोय.

मी तुला जन्मात पत्र लिहिणार नव्हते. पण काल बस चालवणारा हफिन, आपला हफिन बस, दारात थांबला. अर्फोनचा सोबती होता तो, थापा मारत नाही. म्हणाला, “तुमचा भाऊ मोरवाला काय करतोय?”

म्हटलं, दूध घेतो.

“दूध? बाई, तो तिथे शर्ट वाळत घालतो. शेवटच्या रांगेतलं ते चाकांवरचं घर, हिरव्या पडद्यांचा कारवान. मी रोज सकाळी बघतो. प्रवचनाचा काळा कोट दाराला टांगलेला असतो.”

मग मी तुझं शेवटचं पत्र काढलं. वर ‘मोरवा’ लिहिलंयस. घाईत लिहिलंस वाटतं.

रंगकाम किती मजली आहे, गेथिन? ती सुट्टीतल्या कारवानांची जागा आहे. तिथे घर करून राहायला बंदी आहे, आणि जानेवारीत तर फाटकच बंद करतात. ही बंदी कुणाच्या भाषणाने आणखी कडक झाली ते मी गॅलरीतून ऐकलंय.

सरळ विचारते. तुझं घर कुठे आहे?

मेनवेन


मोरवा
२२ नोव्हेंबर

मेनवेन,

नाही आहे.

घरमालकीणबाईंनी जूनमध्ये सांगितलं. बाई वाईट नाही. चहा करून सांगितलं. म्हणाल्या, मिस्टर रोलंड्स, तुम्ही महिन्याला देता तेवढं लोक उन्हाळ्यात आठवड्याला देतात. मी म्हटलं, निम्मं वर्ष भरायला लागेल तुम्हाला. त्या म्हणाल्या, हो, तुमचा नियम वाचलाय मी, म्हणून तर वर्षभर जाहिरात देणार आहे आणि हिवाळ्यात दर निम्मे करणार आहे. मी गेलो आणि तिथे आता खरोखरच धंदा चालू आहे, मेनवेन. एकदम कायदेशीर. माझ्या अभ्यासाच्या खोलीत दोन मजली पलंग टाकलाय. माझ्या नियमावर इतकी तंतोतंत चालणारी दुसरी मालकीण जिल्ह्यात नसेल.

दुसरी जागा शोधली. मला परवडेल अशी एक होती, ओली भिंत, वर फुटका पन्हळ. तिच्यासाठी बावीस अर्ज होते. त्यात तीन लहान मुलांच्या घरातले. मी माझा काढून घेतला.

का सांगितलं नाही? घरांसाठी आरडाओरडा करणारा नगरसेवक स्वतः बेकायदा कारवानमध्ये राहतो, ही बातमी माझ्या विरोधकांनी भिंतीवर चौकट करून लावली असती. आणि तुला सांगितलं असतं तर तू मला ठेवून घेतलं असतंस, आणि मग सुनावणीत मी तुझा मिंधा झालो असतो. मला तिथे मोकळं उभं राहायचं होतं. तेवढ्यासाठी थंडी सोसली.

तसा मी मजेत आहे. गॅसची शेगडी आहे. छताला डोकं लागतं म्हणून वाकून विचार करतो, बरे सुचतात.

गेथिन


रिडवेन
२९ नोव्हेंबर

गेथिन,

मूर्ख आहेस. हे आधी लिहून टाकते म्हणजे बाकीचं शांतपणे लिहिता येईल.

दंतवैद्याला फोन केला. म्हटलं, घर विकायचं नाही, भाडेकरू मिळालाय. तो म्हणाला, उन्हाळ्यापुरता? मी म्हटलं, मरेपर्यंतचा, आणि आमच्या घराण्यात माणसं नव्वदीला पोचतात. त्याने दात दाखवले नाहीत, फोनवर कळतं ते.

काउन्सिलला विचारलं, माझं नाव सांगून, उघडपणे. चॅपेलघरात कुणी बारा महिने स्वतःचं घर म्हणून राहत असेल, तर ते दुसरं घरही नाही आणि धंदाही नाही. ते नुसतं घर. साधी घरपट्टी, ती राहणाऱ्याने भरायची. फोनवरच्या मुलीने विचारलं, “एवढंच हवं होतं का तुम्हाला?” मला रडू आलं, म्हणून फोन ठेवला.

तर अटी.

भाडं उन्हाळी पर्यटकांइतकं नाही, पण फुकट अजिबात नाही. तुझ्या पेन्शनीत भागेल आणि माझी पेन्शन टिकेल असा आकडा वेगळ्या कागदावर लिहिलाय. घासाघीस करू नकोस. लेखी करार, साक्षीला इडवाल बँक, कारण त्याला परत एखाद्या खऱ्या कागदावर सही करायची भारी इच्छा आहे.

टब जाणार. अनुदान पर्यटकांसाठी होतं, आणि तू पर्यटक नाहीस. त्यांच्या कचेरीला मीच कळवलं. टब विकून त्यांचा वाटा त्यांना द्यायचा ठरलंय. ग्वाइनन तीन दिवस कुणाशी बोलली नाही.

आणि टबाची बातमी फुटल्यापासून प्रवचनकारांचे फोन येताहेत. टुडरना पाठीचा त्रास सुरू झालाय. दक्षिणेतल्या सगळ्यांना एकदम रस्ते लांब वाटायला लागलेत. जानेवारीपासून आमच्याकडे एकही नाव नाही. सभेने ठरवलंय की ज्याने टुडरना रडवलं, त्याने त्यांची जागा भरायची. दर रविवारी.

मेनवेन


मोरवा
९ डिसेंबर

प्रिय मेनवेन,

भाडं मान्य. कमी केलं असतंस तर मी आलो नसतो, हे तुला ठाऊक होतं, म्हणूनच आकडा एवढा नेमका आहे.

मी काउन्सिलमध्ये जाऊन सगळं नोंदवलं: कारवान, करार, नातं. परवा सभागृहात उभा राहून स्वतः सांगितलं. विरोधी बाकांवर बराच वेळ हसले. मग त्यांच्यातला एकजण बाहेर येऊन हळूच म्हणाला, त्याची मुलगी नवऱ्यासकट त्याच्या गॅरेजात राहते, भाड्याने घर कुठे असलं तर सांगा. आता पुढचा प्रस्ताव आम्ही दोघे मिळून लिहितोय: वर्षभर राहणाऱ्याला घर देणाऱ्या मालकालाही अनुदान का नको? टबाला मिळतं, तर माणसाला मिळायला हरकत नसावी. तुला ते लागू होणार नाही असं कलम घालतोय, कारण तू माझी घरमालकीण. आता खुशाल चीड.

रविवारचं मात्र जरा अवघड आहे. माझा देवावरचा विश्वास येतो-जातो. वर्षातून दोन-तीन रविवार मी त्याला गाठू शकतो. दर आठवड्याला जमेल असं वाटत नाही.

गेथिन


रिडवेन, भिंतीच्या अलीकडून
१५ जानेवारी २०२४

गेथिन,

हे दाराखालून सरकवतेय, कारण तू झोपलायस आणि तोंडावर बोलले तर तू उत्तर देशील.

कालचं प्रवचन. विश्वास येतो-जातो हे तू व्यासपीठावरून सांगितलंस ते बरं केलंस. नेस्टा म्हणाली, तिचाही. ग्वाइनन म्हणाली, तिचा टबाबरोबर गेला. दुपारच्या जेवणाला तिघीजणी थांबल्या आणि दिवेलागणीपर्यंत त्याच विषयावर भांडल्या. अर्फोन गेल्यापासून माझ्या टेबलावर एवढा गोंधळ झाला नव्हता. पण पाऊण तास फार होतो. टुडरचे तेवढे गुण घे.

दुसरं. सकाळी ती निळी गाडी तुझ्या दारात थांबली ते मी पाहिलं. कुणी जोडपं होतं, काचेला नाक लावून आत बघत होतं, घर रिकामं समजून. तू मोज्यांवर, हातात लोणी लावलेला पाव घेऊन बाहेर आलास. त्यांनी विचारलं, हे घर विकाऊ आहे का. मग तू बोलायला लागलास. मी चहा केला, प्यायले, कप विसळला, कोंबड्यांना दाणे टाकले, तरी तू बोलतच होतास. तो बिचारा गाडीत जाऊन बसला तर तू काचेतून बोललास.

भिंतीतून सगळं ऐकू आलं. सुरुवात जोरदार होती. शाळेचा भाग नेहमीसारखा चांगला. शेवट मात्र लांबवलास. ‘इथे मी राहतो’ एवढं म्हणून दार लावलं असतंस तरी पुरलं असतं.

पन्हळ गळतोय म्हणालास. उद्या हफिन शिडी घेऊन येईल. ते माझ्याकडे लागलं, मालकीण मी आहे.

मेनवेन